पदवी अर्धवट सुटू नये म्हणून: विद्यार्थी सल्लागारांनी काय करावं

घरातून कॉलेजात येणारी पहिलीच पिढी, शिकता शिकता नोकरी, वर फीची ओढाताण. अशा मुलामुलींचं शिक्षण बुद्धी कमी पडली म्हणून सुटतं, हा समज आधी डोक्यातून काढा. थकलेली छोटीशी बाकी, भरायचा राहिलेला परीक्षा फॉर्म किंवा कामाच्या पाळीतच येणारा एखादा तास, एवढंही त्याला पुरतं.

काम शेवटाकडून सुरू करा. सेमिस्टरच्या तीन आठवडे आधी यादी काढा: तीन चतुर्थांशाहून जास्त क्रेडिट झालेत, पण पुढची नोंदणी केलेली नाही असे सगळे. प्रत्येक नावापुढे चार रकाने ठेवा: राहिलेले विषय, थकबाकी, नोकरीच्या वेळा, येण्याजाण्यात जाणारा वेळ. राहिलेल्यांपैकी कुठला विषय वर्षातून एकदाच शिकवला जातो, तेही तेव्हाच बघा. तो हुकला की वर्ष गेलंच.

मग फोन. ‘गैरहजर का होतास?’ असं विचारलंत तर समोरून सबब येते, आणि पुढचा फोन उचलला जात नाही. ‘या आठवड्यात कॉलेजला यायला नेमकं काय आडवं येतंय?’ असं विचारा आणि थांबा. फोन ठेवण्याआधी एकच काम ठरवा, त्याचा वार आणि वेळ ठरवा. दुसऱ्या विभागात पाठवायचं असेल तर तिथल्या माणसाला आधी स्वतः कळवा, शक्य असेल तर सोबत जा. नुसती चिठ्ठी देऊन पाठवलेली मुलं वाटेतच गळतात.

हजेरी तिसऱ्या आठवड्यात तपासा. सत्राच्या मध्यावर कळलं तर हातात फार काही उरत नाही. गणितासारख्या अडवणाऱ्या विषयासाठी आधी बिनक्रेडिटचा तयारीवर्ग लावू नका. त्यात एक सत्र जातं आणि बरेच जण मूळ विषयापर्यंत पोहोचतच नाहीत. मूळ वर्गाला बसवा आणि सोबत आठवड्याला दोन तास जादा द्या.

आकस्मिक मदतीचा अर्ज एक पानाचा असावा, निर्णय ४८ तासांत व्हावा आणि रक्कम थेट थकबाकीत जमा व्हावी. नोंदणी रद्द झाल्यावर आलेली मदत कितीही मोठी असली तरी उशिराचीच.

अशी मदत एकत्र दिली तर काय होतं, ते न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत दिसलं आहे. तिथे २००७ साली ‘असॅप’ ही पदवी पूर्ण व्हावी म्हणून मदत करणारी योजना सुरू झाली: पूर्णवेळ शिक्षणाची अट, उरलेली फी माफ, पुस्तकं आणि प्रवासाचा पास मोफत, एका सल्लागाराकडे ६० ते ८० विद्यार्थी. सोडत काढून काहींना योजनेत घेतलं, काहींना बाहेर ठेवलं आणि दोघांची तुलना केली. दोन वर्षांची पदवी तीन वर्षांत मिळवणारे योजनेतले सुमारे ४० टक्के निघाले, योजनेबाहेरचे २२ टक्के. यातला प्रवासाचा पास कुणी किरकोळ समजून वगळू नये. सल्लागाराला दर महिन्याला भेटलं तरच तो मिळायचा, म्हणून भेटी चुकत नसत. आणि सल्लागार दर सत्राला बदलू नका. तीच कहाणी चौथ्यांदा सांगायला कुणीही कंटाळतं.

शेवटचा निकाल लागला तरी यादीतलं नाव खोडू नका. पदवीचा अर्ज वेगळा भरावा लागत असेल तर सगळे विषय सुटूनही काहींची पदवी तिथे अडकते. त्यांना समोर बसवून अर्ज भरून घ्या, पोचपावती बघा आणि मगच नाव खोडा.