खरेदीखताच्या पीडीएफमधून हवी तेवढीच पाने कशी काढावीत

कर्जासाठी किंवा मिळकतीच्या उताऱ्यावर नाव लावण्यासाठी नोंदणीकृत खरेदीखताची ठरावीक पानेच मागितली जातात. सोलापुरात माझे टंकलेखन व झेरॉक्सचे दुकान असल्यामुळे हे काम माझ्याकडे नेहमी येते. ‘फाइल उघडा, पाने निवडा, सेव्ह करा’ हा सल्ला सर्वत्र मिळतो, परंतु तो देणाऱ्याने स्कॅन केलेले खरेदीखत कधी नीट चाळलेले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. पाने वेगळी करण्याचे काम मिनिटभराचे असते. वेळ द्यावा लागतो तो नेमके कोणते पान काढायचे हे ठरवण्यासाठी.

संगणकावर फाइल क्रोममध्ये उघडून कंट्रोल आणि पी ही बटणे एकदम दाबावीत, प्रिंटरच्या जागी ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ निवडावे आणि ‘पेजेस’मध्ये ‘कस्टम’ घेऊन पानांचे क्रमांक लिहावेत. मराठी कळफलक चालू असेल तर तो आधी बंद करावा आणि क्रमांक इंग्रजी अंकांतच टाकावेत.

आता खरा प्रश्न. खरेदीखताच्या एकाच पानाला तीन वेगवेगळे क्रमांक असू शकतात. पहिला, मजकूर टंकलिखित करताना पानावर पडलेला. दुसरा, दुय्यम निबंधक कार्यालयाच्या शिक्क्यातला, ज्यात दस्त क्रमांक, पानाचा क्रमांक, एकूण पाने आणि वर्ष असते. तिसरा, पीडीएफ फाइलची स्वतःची मोजणी, जी पडद्यावर वर दिसते. पाने मागणारा माणूस बहुधा शिक्क्यातला क्रमांक सांगतो, संगणकाला मात्र फक्त तिसरा कळतो.

हे मला फार उशिरा उमगले. जुळे सोलापुरातील एका घराच्या खरेदीखताची ११ ते १६ ही पाने मागितली होती आणि मी तेच आकडे टाकून फाइल तयार करून दिली. त्या फाइलच्या सुरुवातीला नोंदणीची पावती आणि सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा गोषवारा) अशी दोन जादा पाने स्कॅन केलेली असल्यामुळे सगळी पाने दोनने पुढे सरकली होती. परिणामी चतुःसीमेचे पान बाहेर राहिले, प्रकरण परत आले आणि त्या कुटुंबाचे आठ दिवस माझ्यामुळे वाया गेले. ही गोष्ट मला आजही लागते, म्हणूनच हा भाग मी घाईने करत नाही आणि कोणाला करूही देत नाही.

दोन मिळवले की झाले, असे अनेक जण सांगतात. हा सल्ला मुळीच पाळू नये, कारण फरक शेवटपर्यंत तेवढाच राहील याची खात्री नसते. स्कॅन करणाऱ्याने मध्येच एखादी कोरी पाठ घेतली किंवा एखादे पान दोनदा घेतले की तिथून पुढचा हिशेब बदलतो. वरच्याच उदाहरणात शिक्क्यातले पान ११ हे फाइलमधले १३ आहे, आणि त्याच पानाच्या तळाशी टंकलिखित आकडा ७ आहे. पुढे विसाव्या पानानंतर एक कोरी बाजू आल्यामुळे शिक्क्यातले २९ हे फाइलमधले ३२ होते. म्हणून ११ ते १६ आणि २९ ही पाने हवी असतील तर 13-18,32 असे लिहावे लागते. प्रत्येक सलग तुकड्याचे पहिले आणि शेवटचे पान उघडून, शिक्का मोठा करून वाचावा, शेजारी कागदावर फाइलचा क्रमांक लिहावा आणि मगच तो संगणकात टाकावा. शिक्का पुसट असेल तर मागच्या-पुढच्या पानाचा शिक्का पाहावा, अंदाजाने आकडा धरू नये.

लीगल आकाराची पाने असतील तर प्रिंटच्या मार्गाने ती कधी कधी ए-फोरमध्ये लहान होऊन बसतात आणि शिक्क्यातली अक्षरे वाचता येत नाहीत. अशा वेळी मी पीडीएफसॅम बेसिक हा विनामूल्य प्रोग्रॅम वापरतो; त्यातील ‘एक्स्ट्रॅक्ट’मध्ये पाने मूळ आकारातच वेगळी होतात आणि फाइल आपल्याच संगणकावर राहते. पाने काढून देणाऱ्या संकेतस्थळांवर खरेदीखत चढवण्यास माझा ठाम विरोध आहे, कारण त्यात फोटो, अंगठ्यांचे ठसे आणि बऱ्याचदा आधार व पॅनच्या प्रतीही असतात.

डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यासारखा दस्तऐवज असेल तर त्याची पाने वेगळी करूच नयेत. तुकडा केलेल्या फाइलमध्ये ती स्वाक्षरी वैध राहत नाही, त्यामुळे पूर्ण फाइल द्यावी आणि हवे ते पान पत्रात नमूद करावे.

मोबाइलवरही शेअरमधून प्रिंटमध्ये जाऊन पाने निवडता येतात, पण पुसट शिक्का वाचण्यासाठी पडदा अपुरा पडतो.

नवी फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करावी. ती उघडून पानांची संख्या मोजावी आणि पहिल्या व शेवटच्या पानावरील शिक्का मागणीच्या पत्राशी ताडून पाहावा. दोन्ही जुळल्यानंतरच फाइल पाठवावी.