दुर्बिणीद्वारे पशुशस्त्रक्रिया: हाताला साजेशी उपकरणे कशी निवडावीत

प्राण्यांवरील दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत वापरली जाणारी बरीचशी उपकरणे मुळात माणसांसाठी घडवलेली असतात. म्हणूनच रुग्णाचा आकार आणि आपल्या हाताचे माप या दोन्हींचा मेळ पशुशल्यचिकित्सकाला स्वतःच घालावा लागतो.

सुरुवात लांबीपासून करावी. पोर्ट (उपकरण पोटात घालण्याची नळी) हा तरफेचा टेकू असतो. हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जाते, आणि दांडा साधारण निम्मा आत व निम्मा बाहेर असला तरच हाताची आणि टोकाची हालचाल सारखी राहते. 5 मिमी जाडीचा, सुमारे 36 सेंमी लांबीचा नेहमीचा ग्रास्पर (ऊती पकडणारा चिमटा) मोठ्या कुत्र्यासाठी चालतो. मांजराच्या बाबतीत मात्र त्याचा बहुतेक दांडा बाहेरच राहतो, त्यामुळे खांदा उचलला जातो, कोपर अंगापासून दूर जाते आणि हात बराच फिरवूनही टोक जेमतेम हलते. अशा रुग्णांसाठी 3 मिमी जाडीची, 20 सेंमीच्या आसपासची उपकरणे घ्यावीत. ती सहज वाकतात, म्हणून त्यांनी ऊती जोराने ओढू नयेत.

उपकरणाच्या मुठीच्या निवडीत घाई अजिबात करू नये. हातमोजे घालून उपकरण धरावे, त्याचा जबडा पूर्ण उघडावा आणि पकड न बदलता तर्जनीने दांडा फिरवण्याची चकती फिरते का, ते पाहावे. लहान हाताच्या व्यक्तीला हे अनेकदा जमत नाही, आणि तो तिच्या कौशल्याचा दोष नव्हे. अंगठा कडीत खोलवर घातला की कडीची कड बाजूच्या मज्जातंतूवर दाबते आणि अंगठ्याला मुंग्या येतात, म्हणून अंगठ्याचे फक्त टोकाचे पेर कडीत ठेवावे. मादीच्या नसबंदीत अंडाशय उचलून धरण्यासाठी रॅचेट (पकड जागेवर अडकवून ठेवणारा दातेरी खटका) असलेली मूठ घ्यावी, म्हणजे पकड टिकवायला बोटे सतत आवळावी लागत नाहीत. ऊती मोकळ्या करताना मात्र रॅचेट नसलेलीच बरी.

टेबल उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा खाली घ्यावे. मुठी कोपराच्या उंचीला याव्यात आणि कोपराचा कोन 90 ते 120 अंशांच्या दरम्यान राहावा. कुत्रीला कुशीवर कलवल्यावर पोर्ट वर सरकतात, म्हणून उंची कलवल्यानंतर पुन्हा जुळवावी. दुर्बिणीचे चित्र दाखवणारा पडदा समोर, नजरेच्या किंचित खाली असावा. दुसऱ्या अंडाशयासाठी बाजू बदलताना तोही पलीकडे न्यावा, अन्यथा उरलेले सगळे काम मान वळवून करावे लागते.