अल्फा कण भिंतीवर कुठे आपटतात, ते कसं काढायचं

माझ्या पहिल्या हिशेबात इतके अल्फा कण (मीलनातून निघणारे हीलियमचे केंद्रक) निसटले की फ्यूजन रिअ‍ॅक्टर तापलाच नसता. चूक बावळट होती. कणाने प्लाझ्माची, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूची, कड ओलांडली रे ओलांडली की मी त्याला ‘गेला’ म्हणून खोडत होते. त्यातले बरेच कण बाहेरून वळसा घालून परत आत येतात. म्हणून आधी खऱ्या भिंतीचा आकार भरा. तिच्यावर आपटला तरच कण गेला.

कोड चालवण्याआधी पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडा. ड्युटेरियम-ट्रिटियमच्या मीलनातून अल्फा 3.5 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट घेऊन निघतो. वेग सेकंदाला सुमारे 13,000 किलोमीटर. इटर या प्रायोगिक मीलनयंत्राच्या 5.3 टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात क्षेत्ररेषेभोवतीच्या त्याच्या गिरकीची त्रिज्या फार तर 5 सेंटिमीटर. 2 मीटर त्रिज्येच्या प्लाझ्मात एवढ्याने काय होतंय, असं वाटतं. पण टोकामॅकच्या (चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा धरणारं मेदूवड्याच्या आकाराचं यंत्र, इटर त्यातलंच) आतल्या, भोकाकडच्या बाजूला क्षेत्र जास्त असतं, आणि क्षेत्ररेषेच्या दिशेने ज्यांचा वेग कमी ते कण तिथून माघारी फिरतात. त्यांची वाट केळ्यासारखी दिसते. केळ्याची जाडी काढायला गिरकीच्या त्रिज्येला सेफ्टी फॅक्टरने (क्षेत्ररेषा प्लाझ्माला आडवा एक वेढा घालेपर्यंत यंत्राभोवती किती फेऱ्या मारते तो आकडा) गुणा, मग कणाचं प्लाझ्माच्या मध्यापासूनचं अंतर भागिले टोकामॅकची मोठी त्रिज्या (यंत्राच्या मध्यापासून प्लाझ्माच्या मध्यापर्यंतची, इटरची 6.2 मीटर), याच्या वर्गमुळाने भागा. मध्यापासून 1 मीटरवर, सेफ्टी फॅक्टर 1.5 धरून, 19 सेंटिमीटर येतात. ढोबळच, पण डोळे उघडतात. केळं बारीक हवं तर प्लाझ्मातला करंट वाढवायचा. इटरला तो 15 मेगाअँपियर आहे. सुमारे 3 मेगाअँपियरच्या खाली अल्फा धरून ठेवणंच मुश्कील.

आता कण पेरा, पण सगळीकडे सारखे नकोत. मीलन तापलेल्या गाभ्यात जास्त होतं, तिथेच दाट पेरा. सेकंदाला 4 कोटी गिरक्या एकेक करून मोजू नका. गिरकीच्या मध्याचाच माग काढा. भिंतीजवळ मात्र पूर्ण कक्षेवर या, कारण कण भिंतीवरच्या कुठल्या टाइलला (संरक्षक फरशीला) लागणार ते त्या शेवटच्या 5 सेंटिमीटरवर ठरतं.

क्षेत्र गोलभर एकसारखंही धरू नका. क्षेत्र तयार करणाऱ्या कॉइल 18च, मधल्या फटींत क्षेत्र जरा ढिलं पडतं. याला रिपल म्हणतात. एकदा मी एकाच कणाच्या केळ्याचं टोक बघत बसले होते. दर फेरीला थोडं वर, थोडं खाली, पुन्हा वर, आणि अचानक भिंत. इटरमध्ये हा रिपल दाबायला फेरिटिक स्टीलचे तुकडे बसवतात. तेही मॉडेलमध्ये घ्या. आल्फवेन लाटा (प्लाझ्मात क्षेत्ररेषांवरून धावणाऱ्या लाटा) पुढच्या फेरीला ठेवा. अल्फा त्यांच्याहून वेगवान जन्मतो, त्यामुळे त्यांना चेतवू शकतो, आणि मग वरचा शांत प्लाझ्माचा हिशेब पुरत नाही.

उत्तर नुसत्या टक्क्यांत देऊ नका. 500 मेगावॉटच्या मीलनात अल्फांचा वाटा 100. त्यातला 1 टक्का म्हणजे 1 मेगावॉट, आणि तो मोजक्याच टाइलांवर पडू शकतो. टाइलवार उष्णता काढा. एखाद्या टाइलवर पाचच कण पडले असतील, तर तिथे पोचणाऱ्या वाटांवर जास्त कण पेरून कोड पुन्हा चालवा.