एखादा हल्ला युद्धगुन्हा आहे का, हे बातमी वाचताना कसं तपासायचं

कुठे बॉम्ब पडून लहान मुलं गेली की ग्रुपवर पहिला शब्द येतो 'युद्धगुन्हा'. राग यायलाच हवा. पण हा शब्द कायद्यातला आहे, तो सिद्ध करायला माणसांनी वर्षानुवर्षं कबरी उकरल्यात, म्हणून तो वापरायच्या आधी काय बघायचं ते सांगतो. उदाहरण बोस्नियातल्या स्रेब्रेनिकाचं घेतो, कारण ते प्रकरण कोर्टात शेवटपर्यंत गेलं.

आधी युद्ध कोणी सुरू केलं हा वाद बाजूला ठेवा. तो महत्त्वाचा आहे पण वेगळा आहे, युद्धात जखमी, कैदी, सामान्य माणसं यांना कसं वागवायचं ते सांगणारे १९४९ चे जिनिव्हा करार दोन्ही बाजूंना सारखेच लागू होतात, ज्याची बाजू खरी त्याला कैदी मारायची मुभा मिळते असं कुठेही नाही.

मग बघा की मेलेला माणूस कोण होता आणि त्या वेळी त्याच्या हातात काय होतं. स्रेब्रेनिका यूएनने १९९३ मध्ये सुरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केलं होतं, जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्ब सैन्याने ते घेतलं आणि ८००० हून जास्त मुस्लिम पुरुष आणि मुलं मारली. ते लढताना मेले असं म्हणणारे तेव्हाही होते. पण कबरी उघडल्यावर सांगाड्यांच्या डोळ्यांवर कापडाच्या पट्ट्या होत्या, हात बांधलेले होते. डोळे बांधून कोणी लढत नाही. पुरावा लपवायला मृतदेह मशीनने उकरून दुसरीकडे पुरले होते, त्यामुळे एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या खड्ड्यांत सापडली, आणि तरीही माती, काडतुसं, कापड जुळवून तपास करणाऱ्यांनी कुठला खड्डा कुठल्या जागेचा हे शोधून काढलंच.

बॉम्बहल्ल्याचं मात्र इतकं सरळ नसतं. सामान्य माणसं मेली म्हणजे आपोआप युद्धगुन्हा होत नाही, हे ऐकायला कडू आहे पण कायदा असाच आहे. तिथे प्रश्न हे, की निशाणा लष्करी होता का, हल्ला करणाऱ्याला आधी काय माहीत होतं, आणि मिळणाऱ्या लष्करी फायद्याच्या मानाने सामान्यांची हानी उघडउघड जास्त होणार हे दिसत असूनही हल्ला केला का. हॉस्पिटलला खास संरक्षण असतं. तिथून हल्ले होत असतील तर ते जाऊ शकतं, पण आधी इशारा द्यावा लागतो आणि आतल्या पेशंटचा विचार तरीही करावाच लागतो. समोरचा माणसांची ढाल करतो हा त्याचा गुन्हा, त्याने तुमची जबाबदारी संपत नाही.

गुन्ह्यांच्या नावांची गल्लत खूप होते. बोस्नियन सर्ब सैन्यातला द्राझेन एर्देमोविच नावाचा सैनिक स्वतः पुढे येऊन बोलला, की ब्रान्येवोच्या शेतावर बसमधून माणसं आणत होते आणि आमची तुकडी त्यांना गोळ्या घालत होती, मी नाही म्हणालो तर मलाच त्यांच्यात उभं करणार होते. यूएनने युगोस्लाव्हियातल्या युद्धांसाठी हेगला बसवलेल्या खास कोर्टात त्याला १९९६ मध्ये मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यासाठी (म्हणजे सामान्य लोकांवरच्या व्यापक किंवा ठरवून केलेल्या हल्ल्याचा भाग असलेल्या गुन्ह्यासाठी) १० वर्षं झाली, अपिलानंतर १९९८ मध्ये त्याच कृत्यासाठी युद्धगुन्हा धरून ५ वर्षं. जिवाची भीती हे शिक्षा कमी करायचं कारण ठरलं, सुटकेचं नाही, आणि यावर न्यायाधीशांतच ३ विरुद्ध २ अशी फूट पडली होती. मला अजूनही त्यातलं बरोबर कोण ते ठरवता येत नाही. याच हत्याकांडासाठी त्याच कोर्टाने बोस्नियन सर्ब सैन्याचा प्रमुख जनरल म्लादिचला वंशसंहाराचा दोषी ठरवलं, कारण तिथे एक समाजच संपवायचा हेतू सिद्ध झाला. म्हणून संख्या मोठी म्हणजे वंशसंहार असं नसतं, हेतू दाखवावा लागतो.

वरच्या माणसावर केस कशी होते? हुकूम दिला असेल तर होतेच, पण हाताखालचे काय करतायत हे माहीत असून थांबवलं नाही किंवा नंतर शिक्षा केली नाही तरीही होते.

आता शिक्षा कोण देणार. युगोस्लाव्हियाचं ते खास कोर्ट सोडून हेगला दोन कायमची कोर्टं आहेत, आंतरराष्ट्रीय न्यायालय देशांमधले खटले बघतं, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय माणसांवर खटले चालवतं, बातमीत कुठलं आहे ते नीट वाचा. फौजदारी न्यायालय १९९८ च्या रोम करारातून आलं, भारत, अमेरिका, चीन, रशिया त्याचे सदस्य नाहीत. आपल्याकडे १९६० चा जिनिव्हा करार कायदा आहे. हे कोर्ट देशाचं स्वतःचं कोर्ट खटला चालवत नसेल किंवा चालवू शकत नसेल तरच मध्ये पडतं, आणि त्याच्याकडे स्वतःचे पोलीस नाहीत. पुतिनवर मार्च २०२३ मध्ये वॉरंट निघालं, सप्टेंबर २०२४ मध्ये ते मंगोलियाला गेले, मंगोलिया सदस्य, तरी अटक झाली नाही. सुरक्षा परिषदेला सदस्य नसलेल्या देशाचं प्रकरणही पाठवता येतं, पण २०१४ मध्ये सीरियाचं पाठवायला १३ देश तयार होते आणि रशिया-चीनने व्हेटो वापरला. राजकारण इथे आडवं येतं, खोटं कशाला बोलायचं. पण म्लादिचही सोळा वर्षं मोकळा होता, २०११ ला पकडला, २०१७ ला जन्मठेप.

शेवटचं, तुमच्या हाती असा व्हिडिओ आला तर ट्रिम करून, गाणं लावून फॉरवर्ड करू नका. मूळ फाइल तशीच ठेवा, कुठून कधी आली ते लिहून ठेवा, कापलेली कॉपी कोर्टात टिकवणं अवघड जातं. स्रेब्रेनिकाच्या सहा कैद्यांना स्कॉर्पियन्स नावाच्या सर्ब निमलष्करी तुकडीने मारलं तेव्हा त्यांच्यातल्याच एकाने शूटिंग केलं होतं, ती टेप २००५ मध्ये हेगच्या त्याच खास कोर्टात लागली, सर्बियात टीव्हीवर दिसली, आणि २००७ मध्ये सर्बियाच्या राजधानीतल्या, बेलग्रेडच्याच कोर्टाने चौघांना दोषी ठरवलं.