घोटा मुरगळल्यावर तरी एवढं करू नका

पावसाळी ट्रेक सुरू झाले की दर सोमवारी माझ्याकडे सुजलेले घोटे येतात, आणि निम्म्यांनी येण्याआधीच कुणाकडून तरी तेल लावून पाय रगडून घेतलेला असतो. अरे बाबांनो, आत लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, ताणलंय नाहीतर फाटलंय, रक्त साकळलंय, त्यावर अंगठे दाबले तर सूज वाढणारच ना! गरम शेकही पहिले दोन दिवस नको. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर, बास.

आणि पाय ओढून घेणं तर नकोच नको. राजगड उतरताना एका पोराचा पाय मुरगळला, खाली कुणीतरी 'शिरेवर शीर चढलीय' म्हणून खस्सकन ओढला, कट्ट वाजलं, सगळे खूश. चार दिवसांनी लंगडत आला. करंगळीच्या रेषेत, पायाच्या बाहेरच्या कडेला मधोमध एक हाडाचा उंचवटा हाताला लागतो बघा, तिथे नुसतं बोट टेकवलं तर ओरडला. एक्सरेत पाचव्या मेटाटार्सलच्या, म्हणजे करंगळीमागच्या पावलातल्या लांब हाडाच्या बुडाशी फ्रॅक्चर! पाय आत वळताना हेही तुटू शकतं, पण सगळे बघतात घोट्याकडेच.

म्हणून मी आधी तिथे दाबतो, मग घोट्याच्या दोन्ही हाडांची मागची कड टोकापासून 6 सेंमी वरपर्यंत, मग पावलाच्या आतल्या बाजूचं नेव्हिक्युलर नावाचं हाड. कुठेही दुखलं किंवा चार पावलं टाकता आली नाहीत तर एक्सरे. हे माझ्या मनाचं नाही, कॅनडातल्या ऑटवाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये मांडलेले नियम आहेत.

उतारावर पळणं ही आणखी एक हौस. घोट्यातलं टॅलस हाड पुढे रुंद, मागे अरुंद असतं, चवडा वर असला की पाचरीसारखं घट्ट बसतं, पंजा खाली झुकला की सांधा सैल, त्यात बाहेरची लिगामेंट्स आतल्यापेक्षा नाजूक, मग पाय आत वळतोच. गुडघे वाकवून छोटी पावलं टाका.

कोरे बूट घालून थेट गडावर? नको.

दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, हा अधीर मंडळींचा लाडका समज. लिगामेंटबरोबर पायाची तोल ओळखायची जाणही बिघडते, म्हणून तोच घोटा परत परत मुरगळतो. मी दात घासताना एका पायावर उभा राहतो, आणि पेशंटला डोळे मिटून अर्धा मिनिट तसं जमेपर्यंत ट्रेकचं नाव काढू देत नाही.