‘ॲक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री’ म्हणताना या चुका टाळा

ऑस्ट्रेलियात कार्यक्रमाच्या सुरुवातीला, ती भूमी मुळात ज्यांची, त्या लोकांचं नाव घेऊन आदर व्यक्त करतात; तीच ‘ॲक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री’. मेलबर्नमधल्या एका मंडळाचा गणेशोत्सव. निवेदकाने मोबाइलवर बघत खणखणीत आवाजात सांगितलं, “आपण गॅडिगल लोकांच्या भूमीवर जमलो आहोत.” गॅडिगल सिडनीचे. तिथल्या मित्राकडून व्हॉट्सॲपवर मागवलेला मजकूर जसाच्या तसा वाचला गेला होता. आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. कौन्सिलकडून आलेल्या पाहुण्यांनी तेवढी मान खाली घातली.

ही सगळ्यात नेहमीची चूक. हॉल कुठे आहे ते बघा, मग नाव लिहा. मेलबर्नच्या पोटातच अशा लोकांची दोन नावं आहेत: शहराचा मध्यभाग, रिचमंड, हॉथॉर्न इथे वुरुंजेरी वोई-वुरुंग, अल्बर्ट पार्क, सेंट किल्डा, कॉलफील्ड इथे बुनुरोंग. सरकारदरबारी ही सीमा १ जुलै २०२१ पासून लागू झाली, तेव्हा मंडळाच्या फायलीतला त्याआधीचा कागद एकदा तपासून घ्याच. हॉल ज्या कौन्सिलच्या हद्दीत आहे, तिच्या संकेतस्थळावर नाव सापडतं. उच्चार मात्र ऐकून शिका आणि देवनागरीत लिहून ठेवा.

‘वेलकम टू कंट्री’, म्हणजे आपल्या भूमीवर पाहुण्यांचं स्वागत, ही वेगळी गोष्ट. तो मान त्या भूमीच्या माणसांचाच, सहसा त्यांच्या ज्येष्ठांचा. आपण तो उरकणं म्हणजे पाहुण्याने यजमानाच्या ओसरीवर उभं राहून “या, बसा” म्हणणं. १९७६ साली पर्थमध्ये रिचर्ड वॉली आणि अर्नी डिंगो यांनी असं स्वागत केलं, तेही न्यूझीलंड आणि कुक बेटांवरून आलेले कलाकार यजमानांनी स्वागत केल्याशिवाय कार्यक्रम करायला तयार नव्हते म्हणून. तुम्हाला ‘वेलकम’ हवं असेल तर त्या लोकांच्या संस्थेला वेळेत विचारा आणि मानधन द्या. ढोल-ताशाची सुपारी आपण आदल्या रात्री देत नाही.

आता भाषांतर, कारण खरी गंमत तिथेच होते. ‘कंट्री’ म्हणजे इथे देश नव्हे. “आम्ही या देशाला मानवंदना देतो” म्हटलं की झेंडावंदन झालं. त्या शब्दात जमीन, पाणी, आकाश, पूर्वज सगळे येतात. आपल्याकडे ‘भूमी’ त्यातल्या त्यात जवळचा. ‘कस्टोडियन’साठी मला कोकणातला ‘राखणदार’ फार आवडतो. गाऱ्हाणं घालताना आपणही आधी जागेवाल्यालाच हाक मारतो. पण जपून! आपला राखणदार अदृश्य असतो, वुरुंजेरी माणसं मात्र याच शहरात राहतात, ट्रामने कामाला जातात. म्हणून “इथे पूर्वी अमुक लोक राहत असत” हे वाक्य खोडून टाका. ‘मूलनिवासी’ला महाराष्ट्रात स्वतःचं राजकारण चिकटलेलं आहे, त्यापेक्षा त्या लोकांचं नाव घ्यावं. एकत्रित उल्लेख करायचाच तर ‘ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर लोक’ म्हणा. ‘ॲबोरिजिनीज’ नको, तो शब्द तिथे अपमानाचा वाटतो.

“जमीन दिल्याबद्दल आभार” हे तर कधीच नको. दिली कुणी? १७८८ पासून ब्रिटिशांनी ती कुठल्याही तहाशिवाय घेतली. ती आधी कुणाचीच नव्हती, हा समज ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने (तेच तिथलं सर्वोच्च न्यायालय) १९९२ च्या माबो खटल्यात मोडीत काढला.

क्रमावरून कार्यकारिणीत वाद होतात: आधी गणेशवंदना की आधी हे? माझं मत, हे आधी. गणपती काही रागावत नाही.

लांबण लावू नका. एवढं पुरे: “आज आपण वुरुंजेरी वोई-वुरुंग लोकांच्या भूमीवर जमलो आहोत. त्यांच्या पूर्वीच्या आणि आजच्या ज्येष्ठांना आदरपूर्वक नमस्कार.” मग दोन श्वास थांबा. पार्किंगमध्ये आडव्या लागलेल्या पांढऱ्या गाडीची सूचना त्यानंतर.