गोठलेल्या जमिनीवर रेल्वेचा सर्व्हे: या चुका टाळा

युद्धात रेल्वेलाइन कालच हवी असते. बर्फ वितळेपर्यंत थांबू, असं म्हणायची सोय नसते. 1915-16 मध्ये रशियाने पेट्रोझावोदस्कपासून मुर्मनच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे हजार किलोमीटर लाइन टाकली. जानेवारी 1943 मध्ये लेनिनग्राडचा वेढा फुटताच नेवा नदी ओलांडून दुसरी टाकली. 1942 मध्ये अमेरिकी लष्कराने कॅनडातल्या प्रिन्स जॉर्जपासून अलास्कापर्यंत सुमारे सव्वादोन हजार किलोमीटरची आखणी करून घेतली. ती लाइन मात्र कधीच झाली नाही. अशा मुलुखात माणूस गारठतो, ही त्यातल्या त्यात सोपी अडचण. खरा घोळ वेगळाच: उणे तीस-चाळीस अंशांत चुकीचं रीडिंगही बरोबर दिसतं आणि घाईत ते पुन्हा कुणी तपासत नाही.

गोठलेल्या दलदलीला जमीन समजणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. जानेवारीत दलदल म्हणजे सपाट मैदान. घोडागाडी जाते, माणसं चालतात, टेकडी खोदायला नको, भराव थोडा. अलाइनमेंट, म्हणजे लाइनची आखलेली वाट, सरळ त्यावरून न्यायचा मोह कुणालाही होईल. मुर्मन लाइनवर गोठलेल्या दलदलीवरून टाकलेले रूळ बर्फ वितळल्यावर खचले आणि गाड्या जपून, हळू चालवाव्या लागल्या.

वरून सळई ठोकून काही कळत नाही, ती गोठलेल्या कवचावरच अडते. कवच फोडून खाली कडक थर लागेपर्यंत खोल जायला हवं. तेवढा वेळ नसेल तर झाडं बघा. खुरटी, इकडेतिकडे कललेली काळी स्प्रूस दिसली की खाली पाणी किंवा बारमाही गोठलेली माती असणार असं धरून चाला. बर्च, ॲस्पेन जोमाने वाढलेले असतील तर निचरा बरा असतो.

बारमाही गोठलेल्या मातीवर उलटीच काळजी लागते. वरचं शेवाळ काढायचं नाही. 1942 मध्ये अलास्का महामार्ग करताना काही पट्ट्यांवर ते खरवडून काढलं, आणि उन्हाळ्यात खालची माती वितळून रस्त्याचा चिखल झाला. म्हणून फील्डबुकात (सर्व्हेच्या नोंदवहीत) नुसती लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची, लिहून भागत नाही. "शेवाळ राखून वर भराव" हा शेरा सर्व्हेअरनेच लिहायचा. बांधकामाच्या टोळीला ते वेगळं कुणी सांगत नाही.

टेपची दुरुस्ती उलट्या चिन्हाने लावणे

पोलादी टेप साधारण 20 अंशांना प्रमाणित केलेली असते. पोलाद दर अंशाला, दर मीटरला 0.0000116 मीटर आकसतं. उणे 40 ला फरक 60 अंशांचा, म्हणजे 30 मीटरच्या टेपमागे 21 मिलिमीटर. किलोमीटरला जवळपास 70 सेंटिमीटर. प्रिन्स जॉर्जपासून सगळी लाइन त्याच थंडीत दुरुस्तीविना मोजली असती तर शेवटी दीड किलोमीटरचा घोळ झाला असता.

गोंधळ होतो चिन्हात. विदर्भात मे महिन्यात टेप लांबते, रीडिंग कमी येतं, दुरुस्ती अधिक करायची. उत्तरेत टेप आखडते, रीडिंग जास्त येतं, दुरुस्ती वजा. सवयीने "अधिक" लावली तर चूक दुप्पट. चेनेज, म्हणजे सुरुवातीपासून मोजत आणलेलं अंतर, बेरजेत जुळतं, त्यामुळे ती लवकर सापडतही नाही. शंका आली तर तीच लांबी दुपारी आणि पहाटे मोजा. दोन्ही दुरुस्त आकडे जुळले नाहीत तर चिन्ह तपासा.

तापमान हवेचं नको, टेपचं हवं. बर्फात पडलेली टेप आणि उन्हात ताणलेली टेप सारखी नसते. शिवाय पारा उणे 39 च्या आसपास गोठतो. त्याखाली पाऱ्याचा थर्मामीटर काहीतरी दाखवतो एवढंच. अल्कोहोलचा न्या.

थिओडोलाइट रात्री तंबूत घेणे

थिओडोलाइट म्हणजे कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र. माया म्हणून ते आत घेतात, पण नुकसानच होतं. उबदार तंबूत थंड काचांवर दव धरतं आणि सकाळी बाहेर नेलं की तेच आत गोठतं. यंत्र बाहेरच, पेटीत, बर्फ लागणार नाही असं ठेवा. स्क्रू जड फिरत असतील तर ग्रीस घट्ट झालेलं असतं. ते आधीच काढून टाकायला हवं होतं, आता जोर लावू नका. आयपीसवर श्वास सोडू नका. तिपाईचे पाय बर्फात खचतात, म्हणून कुऱ्हाडीने खाच करून बसवा आणि मध्येच कुणी बाजूला उभं राहिलं तर यंत्र समतल आहे का हे दाखवणारा बुडबुडा पुन्हा बघा. स्टाफ (उंची वाचायची आकड्यांची उभी पट्टी) बर्फावर नव्हे, खाली खोदून ठाम जागी टेकवा. बॅकसाइट आणि फोरसाइटचं, म्हणजे यंत्रापासून मागच्या आणि पुढच्या स्टाफचं, अंतर सारखं ठेवा, कारण बर्फावरची थंड हवा दृष्टिरेषा वाकवते.

नदीची पातळी बर्फावरून घेणे

1904 मध्ये जपानशी युद्ध सुरू झालं तेव्हा बैकल सरोवराच्या बर्फावरून रूळ टाकले होते. चाचणीचं इंजिन बर्फ फुटून खाली गेलं. मग डबे घोड्यांनी ओढले, इंजिनं सुटी करून नेली. बर्फ किती जाड आहे हे मोजलं जातं, पण भेगा कुठे पडतात हे बघायचं राहून जातं.

नेवावरचा पहिला पूल तातडीचा, कमी उंचीचा होता. 7 फेब्रुवारी 1943 ला लेनिनग्राडमध्ये पहिली गाडी पोहोचली, इतका तो वेगाने झाला. वसंतात वाहत्या बर्फाचे तुकडे येऊन आपटू लागले तेव्हा सैनिकांनी ते सुरुंगाने फोडून पूल वाचवला. मार्चमध्ये शेजारी उंच पूल सुरू झाला. घाईत हा निर्णय चूक नव्हता. शहर उपाशी होतं. पण वेळ असेल तर काठावरच्या झाडांची खोडं बघा: बर्फाने साल घासून निघालेली खूण साधारण किती उंच आहे, त्यावरून तुळईची उंची ठरवा. रुळांखालून पाणी नेणाऱ्या मोऱ्यांचंही तसंच. झऱ्याचं पाणी बर्फावर येऊन थरावर थर गोठतं आणि उन्हाळ्याच्या हिशेबाने केलेली मोरी बंद होते.

खुंटीवर बेंचमार्क

गोठण-वितळणीत खुंट्या वर येतात. बेंचमार्क, म्हणजे उंचीची पक्की खूण, खडकावर कोरा किंवा मोठ्या झाडाच्या मुळाशी खिळा मारा. नोंदी पेन्सिलने करा, शाई गोठते. हातमोजे घालून लिहिताना आकडे चुकू नयेत म्हणून एकजण रीडिंग सांगेल आणि दुसरा ते मोठ्याने परत म्हणून लिहील, अशी शिस्त ठेवा.